ब्रेलचे लेखनिक

ब्रेलसंबंधी आपल्या सुशिक्षित समाजात दोन समज फार दृढ आहेत. एक असा की, ब्रेल ही अंध माणसांची निराळी भाषा आहे. दुसरा असा की, छापील मजकूर ब्रेलमध्ये उतरवणे हे सोपे, यांत्रिक काम असून ज्याच्या हाती थोडा रिकामा वेळ आणि मनात थोडी दया आहे अशा कोणालाही ते करता येते. पैकी पहिला समज चुकीचा असला तरी त्याने फारसे कोणाचे बिघडत नाही. दुसऱ्याने मात्र बिघडते, आणि ज्याचे बिघडते त्या विद्यार्थ्याला ते बहुधा परीक्षेच्या खोलीत प्रश्नपत्रिकेवर बोट ठेवल्यावरच कळते. म्हणून या दुसऱ्या समजाची थोडी झडती घ्यावी, असा या लेखाचा हेतू आहे.

पहिल्याचा निकाल आधी लावून टाकू. ब्रेल ही भाषा नव्हे, लिपी आहे. ब्रेलमध्ये उतरवलेली ज्ञानेश्वरी मराठीच असते आणि ब्रेलमधला शेक्सपिअर इंग्रजीच असतो. भाषांतर येथे नाही. आहे ते लिप्यंतर. परंतु ‘लिप्यंतर’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोडीतला कागद बाळबोधीत उतरवणारा कारकून येतो, आणि हे एक अक्षर काढून त्या जागी दुसरे ठेवण्याचे काम आहे असे वाटू लागते. वस्तुतः मोडी वाचणाऱ्यांनाही हे वर्णन मान्य होणार नाही. ब्रेलच्या लिप्यंतरकाराला तर एवढ्याने मुळीच भागवता येत नाही. कारण त्याला डोळ्यांसाठी रचलेली वस्तू बोटांसाठी पुन्हा रचायची असते.

डोळा आणि बोट यांतला हा फरक ओळखण्यातच या लिपीचा जन्म आहे. लुई ब्रेल १८०९ साली पॅरिसजवळच्या कूपव्रे गावी जन्मला. वडील खोगीर-लगाम करणारे कारागीर. तीन वर्षांचा असताना त्यांच्या आरीशी खेळताना लुईच्या एका डोळ्याला इजा झाली, तिचा विकार दुसऱ्या डोळ्यात पसरला आणि काही काळात त्याची दृष्टी पूर्ण गेली. १८१९ साली तो पॅरिसच्या अंधशाळेत दाखल झाला. तेथे पुस्तके होती. पण ती म्हणजे जाड कागदावर उठवलेली नेहमीचीच रोमन अक्षरे. डोळस माणूस ज्या आकृती पाहतो त्याच उंच करून दिल्या की अंधाचे काम झाले, ही डोळस माणसाची कल्पना. ती दिसायला सुबक आणि बोटाखाली अवघड. एकेक अक्षराच्या कडेकडेने बोट फिरवून ते ओळखावे लागे, आणि अशी अक्षरे मुलांना स्वतःच्या हाताने लिहिता येत नसत ते वेगळेच.

पुढे चार्ल्स बार्बिए नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याने अंधारात, दिवा न लावता वाचता यावी अशी टिंबांची एक पद्धत त्या शाळेत आणली. तिच्या एका आकृतीत बारांपर्यंत टिंबे असत, आणि शब्दांचे लेखन न दाखवता फक्त उच्चार दाखवला जाई. ब्रेलने टिंबे घेतली आणि बाकीचे बदलले. बारांची सहा केली, उच्चाराऐवजी वर्णमाला ठेवली. १८२४ साली ही योजना बहुतांशी सिद्ध झाली, तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. १८२९ साली तिचे पुस्तक निघाले. बाराचे घर चाचपावे लागते, सहाचे घर बोटाच्या पेराखाली एकदम मावते. सारी मख्खी येथे आहे. असे असूनही त्याच्या स्वतःच्या शाळेने या लिपीला अधिकृत मान्यता दिली ती १८५४ साली, म्हणजे ब्रेलच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. नव्या गोष्टीबद्दल शिक्षणसंस्थांचा उत्साह तेव्हाही बेताचाच होता असे दिसते.

आता या सहा टिंबांची रचना पाहू. पुढले सारे विवेचन तिच्यावर उभे आहे. एका घरात दोन उभ्या ओळी. डाव्या ओळीत वरून खाली १, २, ३ आणि उजव्या ओळीत ४, ५, ६. यांतली कोणती टिंबे उठवायची आणि कोणती नाही, यावरून ६३ आकृती होतात. चौसष्टावे घर रिकामे, ते दोन शब्दांमधल्या जागेसाठी. या ६३ आकृतींत स्वर, व्यंजने, अनुस्वार, विसर्ग, अंक, विरामचिन्हे, कंस आणि गणिताच्या खुणा अशी सगळी प्रजा वसवायची आहे. अर्थातच एकाच आकृतीला प्रसंग पाहून दोन-दोन, तीन-तीन कामे करावी लागतात. कोणत्या ठिकाणी ती कोणते काम करीत आहे, हे वाचणाऱ्या बोटाला संशय न येता कळले पाहिजे. लिप्यंतरकाराची निम्मी विद्या या एका अडचणीतून निघालेली आहे.

आपल्या देशात अंधांची पहिली शाळा १८८७ साली अमृतसरला निघाली. पुढे ठिकठिकाणी शाळा निघाल्या आणि ज्याने त्याने आपापल्या भाषेला सोयीची अशी ब्रेल-पद्धत बसवली. परिणाम असा की, एका प्रांतात तयार झालेले पुस्तक दुसऱ्या प्रांतातल्या बोटांना निरुपयोगी. हा घोळ १९५१ साली भारती ब्रेल मान्य झाली तेव्हा मिटला. त्याच वर्षी डेहराडूनला सरकारी ब्रेल छापखानाही सुरू झाला. भारती ब्रेलचे तत्त्व असे की, ध्वनी एक तर टिंबे एक. मराठी ‘क’, गुजराती ‘क’, बंगाली ‘क’ आणि तमिळ ‘क’ यांची डोळ्यांना दिसणारी रूपे कितीही निराळी असोत, बोटाला ती सगळी १ आणि ३ या टिंबांचीच लागतात. आणि इंग्रजीतला ‘के’ही तोच. साऱ्या भारतीय भाषांना एक लिपी असावी म्हणून आपल्याकडे व्याख्याने पुष्कळ झाली. ती एकलिपी बोटांच्या जगात केव्हाच अमलात आली, हे त्या व्याख्यात्यांपैकी किती जणांना ठाऊक होते कोण जाणे!

आता एखादे मराठी वाक्य ब्रेलमध्ये उतरवायला घेऊ. देवनागरीत आपण मात्रा, वेलांटी, उकार अक्षराच्या वर, खाली, मागे, पुढे लावतो. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी काढतो आणि उच्चार मात्र ‘क’नंतर करतो. ब्रेलमध्ये वर-खाली असे काही नाही. एकामागून एक घरे आहेत. म्हणून तेथे प्रत्येक वर्ण उच्चाराच्या क्रमाने येतो: आधी ‘क’, मग ‘इ’. मात्रांसाठी वेगळ्या खुणा नाहीत, स्वरच लिहायचा. मग ‘की’ आणि ‘कई’ यांत फरक कसा करणार? तर ‘कई’मध्ये ‘क’च्या पोटातला ‘अ’ उघड लिहायचा: क, अ, ई. आपल्या ‘मऊ’ शब्दात हा ‘अ’ विसरला तर बोटाखाली ‘मू’ येते, ‘नऊ’चे ‘नू’ होते आणि ‘सई’ची ‘सी’. छापील मजकुरात हा ‘अ’ कोठेच दिसत नाही. लिप्यंतरकाराने तो ऐकायचा असतो.

रफाराचेही असेच. ‘धर्म’ या शब्दात रफार ‘म’च्या डोक्यावर बसलेला दिसतो, पण उच्चार ‘म’च्या आधी होतो. ब्रेलमध्ये ध, मग पाय मोडल्याची खूण, मग र, मग म. ही पाय मोडल्याची खूण म्हणजे एकटे ४ क्रमांकाचे टिंब, आणि ती ज्या व्यंजनाचा पाय मोडायचा त्याच्या आधी येते, नंतर नाही. म्हणजे पुढचे अक्षर अर्धे आहे अशी सूचना बोटाला आगाऊ मिळते. ‘स्त्री’ हा शब्द छापखान्यात एका अक्षराएवढ्या जागेत बसतो. ब्रेलमध्ये त्याला सहा घरे लागतात: खूण, स, खूण, त, र, ई. ‘राष्ट्र’ला सात. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ या दोन जोडाक्षरांना मात्र स्वतंत्र घरे दिली आहेत. बाकीच्यांना असे फोडूनच लिहावे लागते. जोडाक्षरांची हौस असलेल्या लेखकांनी आपले एखादे वाक्य एकदा असे मोजून पाहावे.

अंकांची गंमत आणखी निराळी. अंकांना स्वतःची टिंबे नाहीत. ‘पुढे अंक आहे’ अशी एक खूण देऊन त्यापुढे रोमन वर्णमालेतली पहिली दहा अक्षरे लिहायची. त्यांचे मराठी रूप पाहायचे तर १ म्हणजे ‘अ’, २ म्हणजे ‘ब’, ३ म्हणजे ‘च’, ४ म्हणजे ‘द’, ५ म्हणजे ‘ए’. आणि अंकाची ती खूण कोणती? तर ३, ४, ५, ६. आणि भारती ब्रेलमधला ‘ण’ही नेमका हाच. ‘ण’ने सुरू होणारे शब्द मराठीत व्यवहारात नाहीत, म्हणून शब्दाच्या आरंभी ही आकृती आली की बोट ती अंकाची खूण समजते आणि सहसा फसत नाही. फसते ते दुसरीकडे. प्रश्नपत्रिकेत ‘प्रश्न १ब’ असे छापलेले असते. हे जसेच्या तसे, मध्ये जागा किंवा योग्य खूण न घालता, ब्रेलमध्ये उतरवले तर विद्यार्थी ‘प्रश्न १२’ असे वाचतो. कारण अंकापाठोपाठ आलेला ‘ब’ त्याला २ वाटतो, आणि लिपीच्या नियमाप्रमाणे त्याचे वाचणे बरोबर असते. ‘कलम ४अ’ याचे ‘कलम ४१’ होते. येथे टिंब एकही चुकलेले नाही. चुकली ती समजूत, आणि समजुतीची चूक कोणत्याही यंत्राच्या नजरेला येत नाही.

टिंब चुकले तर काय होते तेही पाहण्यासारखे आहे. ‘प’मध्ये १, २, ३, ४ ही टिंबे आहेत, त्यांतले दुसरे उठले नाही की राहतो ‘म’. म्हणजे ‘पान’चे ‘मान’ होते आणि ‘पाप’चे ‘माप’. ‘ल’मधले दुसरे टिंब गेले की ‘क’ उरतो, म्हणजे ‘लाल’चे ‘काल’ आणि ‘लळा’च्या ‘कळा’. ‘व’चे सहावे टिंब बसले नाही तर ‘वाट’ची ‘लाट’. ‘स’ला पाचवे टिंब जास्त पडले तर ‘साप’चा ‘ताप’. छापील पुस्तकातला मुद्रणदोष आपण बहुधा हसून पुढे जातो, कारण तेथे ‘पान’चे ‘पन’ किंवा ‘पाम’ होते आणि चूक स्वतःच ओरडून सांगते. ब्रेलमध्ये चुकीचा शब्दसुद्धा पुष्कळदा अस्सल मराठी शब्द असतो आणि मुकाट्याने वाक्यात बसून राहतो. अंकांत तर ४ मधले चौथे टिंब दबले की ५ होतात आणि २ मधले दुसरे दबले की १ उरतो. औषधाच्या बाटलीवर, बँकेच्या हिशेबात किंवा गणिताच्या उदाहरणात याचा अर्थ काय, ते सांगायला नको.

हे काम हाताने कसे करतात याची थोडी कल्पना असावी. अंध शाळेतला मुलगा पाटी आणि स्टायलस घेऊन लिहितो, तेव्हा तो टोचीत असतो कागदाच्या पाठीमागून. टिंबे उठतात दुसऱ्या बाजूला. म्हणून त्याला उजवीकडून डावीकडे आणि प्रत्येक घर आरशातल्यासारखे उलटे करून लिहावे लागते. १९५१ साली अमेरिकेतल्या पर्किन्स अंधशाळेच्या कारखान्यातून डेव्हिड अब्राहम यांनी रचलेले यंत्र बाहेर पडू लागले. त्याला सहा टिंबांच्या सहा पट्ट्या आणि मध्ये जागा सोडण्याची एक. पेटीवर सूर धरावेत तशा हव्या त्या पट्ट्या एकदम दाबायच्या, की एक घर उमटते, आणि तेही सुलटे. त्यात ११ इंचांच्या जाड कागदावर २५ ओळी येतात आणि एका ओळीत सुमारे ४० घरे. छापील पुस्तकाच्या एका पानाला ब्रेलची दोन-तीन पाने सहज लागतात. साधी कादंबरीसुद्धा ब्रेलमध्ये खंडशः येते आणि कपाटाचा अख्खा कप्पा व्यापते. यंत्रावर एखादे टिंब राहून गेले असेल तर ते वाढवता येते. जास्तीचे पडलेले पुसणे कठीण. नखाने दाबले तरी त्याचा वण बोटाला लागतोच. आणि मध्येच एखादी ओळ गाळली गेली असेल तर ते पान फाडून नव्याने आरंभ.

यावर आजचा वाचक लगेच म्हणेल, हे सारे जुन्या काळचे. आता संगणक आहे, मजकूर एका बाजूने घालावा आणि ब्रेल दुसऱ्या बाजूने काढावे. या म्हणण्यात बरेच तथ्य आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. देवनागरीचे वर्ण टिंबांत बदलण्याचे, ‘मऊ’मधला ‘अ’ घालण्याचे, रफार सोडवण्याचे काम आज संगणक करतो आणि थकल्या माणसापेक्षा चांगले करतो. टिंबे उठवणारी छपाईयंत्रे तासाला शेकडो पाने काढतात. परंतु संगणकात घालायचा मजकूर कोठून येतो? मराठी प्रकाशकांकडची कितीतरी पुस्तके युनिकोड येण्यापूर्वीच्या निरनिराळ्या फाँटांत जुळवलेली आहेत. पडद्यावर ती मराठी दिसतात, पण संगणकाच्या पोटात ती रोमन चिन्हांची खिचडी असते, आणि खिचडी घातली की खिचडीच टिंबांत बाहेर येते. पुस्तकाची पाने छायाचित्रासारखी टिपून संगणकाकडून वाचून घेतली, तर ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत गफलती होतात आणि रफार-अनुस्वार नाहीसे होतात. ओळन् ओळ मुळाशी ताडून पाहणारा माणूस लागतोच.

याहून मोठा प्रश्न मांडणीचा. इयत्ता चौथीचे कोणतेही पाठ्यपुस्तक उघडून पाहा. एका पानावर धडा, त्याच्या पोटात रंगीत चौकट, चौकटीत कठीण शब्दांचे अर्थ, कडेला चित्र, खाली ‘जोड्या जुळवा’, ‘गाळलेल्या जागा भरा’ आणि ‘लाल अक्षरांतले शब्द पाहा’ अशी सूचना. डोळा हे पान एका दृष्टिक्षेपात पाहतो आणि काय आधी, काय नंतर ते आपोआप ठरवतो. बोट एका वेळी एकच घर पाहते. म्हणून चौकट धड्याच्या आधी द्यावी की नंतर, लाल शब्द कोणत्या खुणेने दाखवावेत, जोड्यांचे दोन स्तंभ शेजारी ठेवावेत की एकाखाली एक, हे निर्णय लिप्यंतरकाराला घ्यावे लागतात. शिवाय छापील पुस्तकाचा पृष्ठांकही ब्रेलच्या पानावर द्यावा लागतो. नाहीतर गुरुजींनी वर्गात ‘पान ३७ काढा’ म्हटले की बाकीची मुले पान काढतात आणि अंध मुलगा खंड चाळत राहतो. एवढ्याशा आकड्यावर तो मुलगा वर्गाबरोबर राहतो की मागे पडतो, हे ठरते.

नकाशाची गोष्ट घ्या. महाराष्ट्राच्या नकाशात किनारा, राज्याची सीमा, जिल्ह्यांच्या सीमा, गोदावरी-कृष्णा-भीमा, लोहमार्ग आणि शहरांची नावे एकावर एक असतात. त्या सगळ्या रेषा जशाच्या तशा उठवल्या तर बोटाखाली सुतळीचा गुंता लागतो. जाणता माणूस त्या एका नकाशाचे तीन-चार नकाशे करतो: एकात किनारा आणि सीमा, दुसऱ्यात फक्त नद्या, तिसऱ्यात शहरे. नदीची रेषा एका पोताची, सीमेची दुसऱ्या. बारीक वळणे तो गाळतो. काय गाळले तरी भूगोल शिल्लक राहतो, हे ठरवायला त्याला भूगोल कळावा लागतो.

गणितात तर हे आणखी स्पष्ट होते. ‘क अधिक ख, भागिले ग’ यात आडव्या रेघेवर ‘क + ख’ दोन्ही आहेत की एकटा ‘ख’, हे छापील पानावर रेघेच्या लांबीवरून दिसते. ब्रेलमध्ये वरखाली नाही. म्हणून अपूर्णांक कोठे सुरू झाला आणि कोठे संपला हे खुणांनी सांगावे लागते. अमेरिकेतले गणिताचे प्राध्यापक अब्राहम नेमेथ हे जन्मांध होते. स्वतःला उच्च गणित वाचता-लिहिता यावे म्हणून त्यांनी गणिताची एक ब्रेल-पद्धत रचली. ती १९५२ साली प्रसिद्ध झाली आणि आजही वापरात आहे. ती शिकायला महिने लागतात, आणि ज्याला बीजगणित येत नाही त्याला ती शिकूनही उपयोग नाही. संगीताची पद्धत आणखी वेगळी. तिचे मूळ खुद्द लुई ब्रेलचेच, कारण तो पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असे. इंग्रजीत आणखी एक अडचण आहे. तेथे जागा वाचवण्यासाठी सुमारे १८० संक्षेप वापरतात. ‘बाथ’ या शब्दातल्या टी आणि एच या अक्षरांना मिळून एकच घर पुरते. पण ‘हॉटहाउस’ या शब्दातही टी आणि एच शेजारी असतात, आणि तेथे मात्र तो संक्षेप चालत नाही; कारण टी आहे ‘हॉट’चा आणि एच आहे ‘हाउस’चा. शब्दाची फोड कळल्याशिवाय हे कसे साधावे?

तपासणी हे या व्यवसायाचे दुसरे अंग, आणि माझ्या मते अधिक मोलाचे. छापखान्यातले मुद्रितशोधन डोळ्यांनी होते. ब्रेलचे बोटांनीच झाले पाहिजे. ब्रेलचे पुस्तक पुष्कळदा कागदाच्या दोन्ही बाजूंनी छापतात. एका बाजूची उंच टिंबे दुसऱ्या बाजूच्या टिंबांमधल्या फटीत बसवतात. डोळस माणसाला त्या पानावर उंचवटे आणि खळगे यांचे देवीच्या वणांसारखे जाळे दिसते. अंध वाचकाला खळगे जाणवतच नाहीत. अर्धवट उठलेले टिंब डोळा चालवून घेतो, बोट घेत नाही. म्हणून चांगल्या ब्रेल छापखान्यात तपासणीला दोघे बसतात. एक डोळस माणूस मूळ मजकूर विरामचिन्हांसकट, ऱ्हस्व-दीर्घांसकट मोठ्याने वाचतो आणि अंध मुद्रितशोधक ब्रेलवर बोट फिरवीत जातो. हे काम अंध माणूस डोळसाच्या बरोबरीने नव्हे, त्याच्याहून चांगले करतो. म्हणजे येथे त्याला सवलत म्हणून नोकरी द्यायची नसून गुणावर द्यायची आहे.

एवढी विद्या ज्या कामाला लागते, त्याला आपण व्यवसाय का म्हणत नाही? कारण उघड आहे. आपल्याकडे अंधांशी संबंध आलेली प्रत्येक गोष्ट दानधर्माच्या खात्यावर पडते. डोळस मुलाचे पाठ्यपुस्तक छापणाऱ्या मुद्रकाला आपण पैसे देतो आणि पुस्तक सदोष निघाले तर परत करतो. अंध मुलाचे पुस्तक तयार करणाऱ्याला आपण शाल आणि नारळ देतो. शाल-नारळ घेतलेल्या माणसाकडे सदोष पुस्तक परत कसे न्यावे? सेवा म्हणून केलेल्या कामाची चूक काढणे असभ्य मानले जाते, आणि त्या सभ्यतेची किंमत वाचणारा मुलगा देतो. पुस्तक जूनऐवजी नोव्हेंबरात आले तरी ‘आले हेच खूप’ असे म्हटले जाते. डोळस मुलांच्या पालकांपुढे असे वाक्य कोणी उच्चारून पाहावे!

स्वयंसेवकांविषयी मला अनादर नाही. अमेरिकेत हे काम वाढले ते स्वयंसेवकांच्याच हातांनी. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी रेडक्रॉसच्या कार्यकर्त्यांनी हाताने पुस्तके उतरवून दिली. परंतु तेथे सेवेला परीक्षेची जोड दिलेली आहे. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचे लिप्यंतराचे प्रमाणपत्र हवे असेल, तर आधी धडे पुरे करावे लागतात आणि शेवटी ३५ पानांचे ब्रेल हस्तलिखित तपासणीला पाठवावे लागते. गणिताचे प्रमाणपत्र वेगळे, संगीताचे वेगळे, मुद्रितशोधनाचे वेगळे. फुकट काम करणाऱ्यालाही त्यातून सूट नाही. तेथल्या अनेक तुरुंगांत कैद्यांना ही विद्या शिकवतात आणि त्यांच्या हातून शालेय पुस्तके तयार होतात. सुटल्यावर त्यांतले काही जण तिच्यावर पोट भरतात. म्हणजे ज्याला समाजाने बाहेर ठेवले होते त्याच्या हातीसुद्धा हे कौशल्य म्हणूनच दिले गेले, उपकार म्हणून नाही.

आपल्याकडे काही घडले नाही असे नव्हे. मुंबईत १९५२ साली राष्ट्रीय अंधजन मंडळ, म्हणजे ‘नॅब’, स्थापन झाले. १५ फेब्रुवारी २००८ रोजी स्वागत थोरात यांनी ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक काढले. पाक्षिक याचा अर्थ जरा नीट ध्यानात घ्यावा: दर पंधरा दिवसांनी, ठरल्या तारखेला, बिनचूक. कायद्याचा अडसरही दूर झाला आहे. पूर्वी पुस्तक ब्रेलमध्ये करायला लेखक-प्रकाशकाची परवानगी मागत बसावे लागे. २०१२ साली आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन अपंग वाचकांसाठी प्रती करण्याची मुभा मिळाली. २०१३ साली माराकेश येथे याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१४ साली त्याला सर्वांआधी संमती देणारा देश भारत होता. परवानगी आली, आता हात हवेत.

हातांची गरजच काय, पुस्तके ध्वनिमुद्रित करून ऐकवता येतात आणि टेलिफोनसुद्धा आता मजकूर वाचून दाखवतो, असेही म्हटले जाते. ऐकण्याची सोय मोठी आहे, तिने अंध वाचकाला पुष्कळ दिले आहे. पण केवळ ऐकून शिकलेल्या मुलाला ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला फरक कोठे भेटणार? ब्रेलमध्ये ‘इ’ची टिंबे २ आणि ४, ‘ई’ची ३ आणि ५, बोटाला ती निराळी लागतात आणि निराळी लक्षात राहतात. स्वल्पविराम कोठे, परिच्छेद कोठे तुटला, समीकरणाच्या कोणत्या बाजूला काय आहे, हे कानाला कळत नाही. नुसते ऐकणारा डोळस मुलगा आपण साक्षर म्हणत नाही.

तेव्हा पुढेमागे आपल्या एखाद्या मंडळाने, ग्रंथालयाने किंवा शाळेने पुस्तक ब्रेलमध्ये करून घ्यायचे ठरवले, तर काही गोष्टी आधी विचाराव्यात. मूळ मजकूर युनिकोडमध्ये मिळणार आहे का, नसेल तर तो पुन्हा जुळवण्याचा वेळ धरला आहे का? तक्ते आणि चित्रे यांचे काय करणार, हे ठरवणारा माणूस त्या विषयातला आहे का? छापील पृष्ठांक देणार का? आणि छापण्यापूर्वी शेवटची प्रत कोणाच्या बोटाखालून जाणार? नुसत्या शोभेसाठी कागदावर सपाट छापलेली, डोळ्यांना दिसणारी पण बोटाला न लागणारी ब्रेलची टिंबे आपण निमंत्रणपत्रिकांवर आणि पाट्यांवर पाहतो; तिथे शेवटचा प्रश्न कोणी विचारलेला नसतो. या प्रश्नांची नीट उत्तरे देणारा माणूस भेटला, तर तो बहुधा चार पैसे जास्त सांगेल आणि मुदतही थोडी जास्त मागेल. ती द्यावी. आणि त्याच्या बिलात मुद्रितशोधकाचे मानधन वेगळे दाखवलेले असेल, तर काटकसर म्हणून नेमकी तीच रक्कम कापू नये.